सासूच्या नावाचा उपवास

रिया,

मी भिवपुरीला बहिणीकडे जातोय. उद्यापासून दूध अर्धा लिटरच घ्या.

लग्न होऊन तू या घरात आलीस, त्याच वर्षी तुझी सासू गेली आणि त्याच आठवड्यात तू मटण-मासे सोडलेस. मला वाटलं, तिच्यासाठी. सख्खा लेक जितेश खातो, पण सून दुखवटा पाळते, असं मी भिसेगावभर सांगत फिरलो.

काल तुझ्या माहेराहून, मालाडहून, जितेशचा फोन आला. हसत म्हणाला, "बाबा, आज ईस्टर! रिया मटणावर तुटून पडलीय. दरवर्षी ईस्टरआधी चाळीस दिवस सोडतेच ती, लहानपणापासून."

सण केलात, त्याचं काही नाही. पण मी लोकांसमोर तुझं कौतुक करायचो, तेव्हा तू शेजारीच उभी असायचीस आणि गप्प राहायचीस.

बहिणीलाही मी तेच सांगितलंय. आज ती तुझी चौकशी करेल. तिला काय सांगू, ते फोन करून कळव.

बाबा