एफ अकरा दाब, आई

प्रिय आई,

तू गेलीस, आणि काल तुझ्या पुण्यानुमोदनाचा विधीही झाला. पाहुणे गेले, भांडी झाली आणि दुपारी तुझ्या औषधाच्या वेळेला मी पाण्याचा ग्लास घेऊन पलंगापाशी येऊन उभी राहिले. पलंग रिकामा. कुणी पाहिलं तर, म्हणून पाणी मीच पिऊन टाकलं. हे सांगायला तुझ्याशिवाय आहे कोण मला? म्हणून लिहायला बसले.

लकवा झाल्यावर तुझी उजवी बाजू गेली आणि मी अमरावतीची नोकरी सोडून अकोल्याला आले. घरूनच काम घेतलं. दोन खोल्या, एक लॅपटॉप. सकाळी तो माझा, दुपारी तुझा. डाव्या हातात माउस धरलास की हात थरथरायचा आणि बाण स्क्रीनवर कुठल्या कुठे पळायचा. तू चिडून माउस खाली ढकलायचीस. मग मी वेगळा मोठा कीबोर्ड आणला आणि वरच्या ओळीतल्या एफच्या कळा तुला शिकवायला घेतल्या.

किती भांडलीस त्यावरून! "हिवरखेडच्या शाळेत पोरायले बाराखडी मीनं शिकवली, आन् तू मले एफ पाच शिकवून राहिली?" तुझे शब्द तेव्हा जड यायचे, पण टोमणा स्पष्ट कळायचा. मीही काही कमी नव्हते. "शिक नाही तं बस भिंतीकडे पाहत!" म्हणायचे. आणि तू शिकलीस. एफ पाच दाबलं की पान पुन्हा उघडतं. एफ सहा दाबलं की वरच्या पट्टीत पानाचा पत्ता लिहिता येतो; मेसेजच्या पानाचं तर पहिलं अक्षर टाकलं की पुढचं आपोआप येतं. एफ अकरा दाबलं की पान पूर्ण स्क्रीनभर होतं, पुन्हा दाबलं की पहिल्यासारखं. तुला एफ अकरा मुळीच आवडायचं नाही. वरची पट्टी, खालची पट्टी, बंद करायची फुली, सगळंच गायब! "इथून भाईर निंगाचं कुठून?" असं विचारायचीस.

ती मे महिन्यातली दुपार आठवते ना? तुला लॅपटॉपवर भाषण लावून दिलं, नीट दिसावं म्हणून एफ अकरा दाबून स्क्रीन मोठी केली, गॅसवर दूध ठेवलं आणि दोन मिनिटांत अंघोळ करून येते म्हणून मी न्हाणीत शिरले. बाहेर यायला गेले तर कडी सरकेना. ओढली, ठोकली, साबण लावून पाहिला. काही नाही! मोबाइल स्वयंपाकघरात. वरच्या मजल्यावर नंदाकाकू होत्या, पण तिथे कूलर चालू, दारं-खिडक्या बंद. मे महिन्यात दुपारी अकोल्यात कुणाला कुणाची हाक ऐकू जाते?

आणि मग वास आला. दूध उतू जाऊन गॅस विझला होता. शेगडी चालूच. तुझा पलंग स्वयंपाकघराच्या दाराला लागून, आणि तुला कूसही बदलता येत नव्हती!

"आई, ऐकू येते का?"

तू काहीतरी म्हणालीस. आपल्या खोलीतल्या कूलरच्या आवाजात मला एक अक्षर कळलं नाही.

"हो असंल तर दांडीवर हात मार!"

पलंगाची लोखंडी दांडी वाजली. माझ्या जिवात जीव आला.

"एफ अकरा दाब! पट्टी दिसली का वरती?"

दांडी वाजली.

"आता एफ सहा. मेसेजचं पान आठवते ना? त्याचं पहिलं अक्षर दाब आन् एंटर मार!"

दांडी काही वाजेना. मी दारावर डोकं टेकवून उभी होते. घामाने ओली, गुदमरलेली. तू बेशुद्ध पडलीस की काय? मग एकदम तुझा आवाज आला, मोठा, रागावलेला. "फिरून राहिलं! नुसतं गोल फिरून राहिलं!"

"एफ पाच, आई! एफ पाच!"

पुढचं तू माझ्याशिवाय केलंस. नंदाकाकूंचं नाव शोधलंस आणि इंग्रजी अक्षरांत दोनच शब्द पाठवलेस, "गॅस ये". काकू खाली आल्या, लोटलेलं दार ढकलून आत शिरल्या त्या विचारतच, "काहून वं, सिलिंडर आलं का?" तेवढ्यात त्यांना वास आला. त्यांनी शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या, नवऱ्याला हाक मारली. काकांनी हातोडीने कडी तोडली. मी बाहेर आले तेव्हा तू घामाने थबथबली होतीस आणि मला पाहून आधी ओरडलीस, "अंग पूस आधी!"

आपण दोघी किती हसलो! मग तू हसताहसता रडायला लागलीस. "मी पलंगात अडकली, तू माह्यात अडकली. कडी तोडाले आलं कोणी, तुले सोडवाले कोण येईन? बाई लाव एखादी माह्यापाशी आन् जाय अमरावतीले."

मी ऐकलं नाही. तुला परक्या बाईच्या हाती द्यायचं मला जमलंच नसतं. पण आई, आज खरं सांगते, त्या दिवशी न्हाणीत श्वास कोंडला तसा मला या घरात कितीतरी वेळा कोंडत होता. तुला कळत होतं ना? म्हणून तर दुपारी मुद्दाम म्हणायचीस, "जाय, बजारातून काही आण." आणि मी धावत जाऊन धावत परत यायचे.

आता तर कोणीच थांबवत नाही. तरी काल संध्याकाळी भाजी आणायला निघाले आणि फाटकापासून मागे फिरले. तू एकटी आहेस, असं वाटलं. असं कसं गं आई? तू गेलीस आणि मला इथेच ठेवून गेलीस?

अमरावतीहून जुन्या ऑफिसच्या मॅडमचा फोन आला होता. जागा आहे, येतेस का, म्हणाल्या. कळवते म्हणून सांगितलं. काय कळवायचं होतं, कुणाला विचारायचं होतं, माझं मलाच कळलं नाही.

आज पत्र लिहिण्याआधी त्यांना हो म्हणून सांगितलं. सोमवारी जाते आहे. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण एवढा शब्द देते तुला: तुझं नाव पुढे करून मी आता घरात बसणार नाही.

तुझी,
शुभा