पान गळतं

चाचा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. आज तुमच्या हातचं ढोलकीचं शेवटचं पान मी कापणार आहे, म्हणून लिहितोय. ओतूरला एसटी स्टँडमागं माझं स्वतःचं दुकान आहे आता. ढोलक्यांच्या जोडीला स्पीकरही ठेवतो. आठवड्यापूर्वी निमगाव सावाचे म्हातारे ढोलकीवाले तुम्ही मढवलेली ढोलकी घेऊन आले. पानावरच्या काळ्या शाईवर बोट टेकवलं आणि कानाला कळलं, पान गेलं. तरी मी म्हणालो, "चाचांच्या हातचं हाय, ऱ्हाऊ द्या की." म्हातारा हसला. "मग काय, देव्हाऱ्यात ठिवू? शुक्रवारी ओझरला भजन हाय, भाऊ. तिथं लोक देवाच्या दर्शनाला येत्यात, ढोलकीच्या न्हाई."

हे तर तुमचंच शिकवणं. मी नवखा असताना, जुन्नरच्या तुमच्या खोलीत, एका फाटत आलेल्या पानाला ओलं फडकं लावून, वाद्या ओढून सूर आणायला बघतोय. तुम्ही शाई घोटताघोटता मान वर न करता म्हणता, "मेलेल्याला पाणी पाजतोस व्हय रं? खोड ऱ्हातं, पान गळतं. झाडाला कळतं, तुला कळंना!" लाकडाला खोड आणि कातड्याला पान ही आपल्या धंद्यातली नावं कुणी ठेवली कोण जाणे, पण माणूस शहाणा असणार. तेव्हाच हातातला घोटायचा गोटा तुम्ही माझ्याकडं सरकवलात. तो अजून आहे. तुमच्या अंगठ्यानं पडलेल्या खळगीत आता माझा अंगठा बसतो.

मग आठवडाभर का टाळलं? रस्त्यावरून जाणाऱ्या ढोलकीचा सूर मी दुकानात बसून सांगतो, पण तुमचा आवाज मला आता ऐकूच येत नाही, चाचा. तुमचे शब्द आहेत, आवाज गेला. वाटायचं, या पानात तरी थोडा उरला असेल. रोज थाप मारून बघितली. भद्द वाजतं.

तेव्हा ठरलं. आज जुनं उतरवणार, नवं मढवणार, थरावर थर शाई भरून, तुमच्याच गोट्यानं घोटून. शुक्रवारी ओझरला ती बोलली पाहिजे म्हणजे पाहिजे.

हे पत्र खोडात टाकून वरून पान चढवायचं मनात होतं. पण आतल्या कागदानं आवाज बसेल आणि म्हातारा पहिल्या थापेलाच पकडेल. म्हणून ते कपाटात ठेवतो, बाजारातून आणलेल्या तयार पानांच्या गठ्ठ्याखाली. होय चाचा, एरवी हल्ली मीही तीच लावतो.