एकेचाळीस क्रमांकाची तळटीप

३ मार्च

सगळ्यांच्या सह्या ऑफिसात झाल्या. टेपची नाही.

सकाळपासून अकरा जणांचे रुजू अहवाल टेबलावर मांडून बसले होते. दरवर्षीचंच. २८ फेब्रुवारीला कंत्राट संपतं, दोन दिवस खंड, तीन तारखेला नवी ऑर्डर आणि नवी सही. नोकरी सलग झाली तर माणूस कायम करा म्हणून हक्क सांगेल, म्हणून मध्ये हे दोन दिवसांचं भोक पाडून ठेवायचं. अकरा वर्षं खंडाची पत्रं मीच टाइप करते. आणि आमचं केंद्र अभ्यास कशाचा करतं? सामाजिक धोरणाचा! यंदाचा विषय – कंत्राटी कामगारांची असुरक्षितता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं होतं.

टेप म्हणजे आमची सर्वांत जुनी सर्वेक्षक. एकवीस वर्षं दारोदार फिरून प्रश्नावल्या भरतेय. समोरचा काय बोलला ते शब्द न्‌ शब्द सांगते, रेकॉर्डर बंद पडला असला तरी. म्हणून टेप. तोंडावर मी ताईच म्हणते.

साडेअकराला तिच्या नणंदेचा फोन आला. टेप काल मुलाखत घ्यायला गेली होती, परतताना त्या इमारतीच्या जिन्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलंय. मी रुजू अहवाल पर्समध्ये घातला आणि सरळ हॉस्पिटल गाठलं. पाय टांगलेला, चेहरा पांढराफटक, आणि बाईंचं पहिलं वाक्य – "एकेचाळीस नंबरची प्रश्नावली पिशवीत आहे, ती आधी जमा कर."

म्हटलं, "ताई, काल खंड होता. कशाला गेलीस?"

"त्या एकेचाळीस नंबरच्या बाईला कालचा दिवस सोडला तर महिनाभर सुट्टी नाही. खंड कागदाला असतो गं. कामाला कुठे असतो?"

झोपल्या झोपल्या सही केली तिने. वाकडी आली, पण तारीख बरोबर आहे.

४ मार्च

संचालकांनी तिचा रुजू अहवाल परत पाठवला. रुजू व्हायचं म्हणजे कार्यालयात, समक्ष. हॉस्पिटलातली सही चालत नाही.

केबिनमध्ये गेले. "सर, पाय मोडलाय. समक्ष कशी येईल?"

"वाईट वाटतं हो मॅडम. मनापासून वाटतं. पण दोन तारखेला त्या आपल्या कर्मचारी नव्हत्या. स्वतःहून गेल्या. तीन तारखेला रुजू झाल्या नाहीत. म्हणजे पद रिकामं."

एकवीस वर्षांची बाई, आणि तीन वाक्यांत रिकामी. खंडाच्या आदल्या दिवशी पडली असती तर कामावर असताना अपघात, भरपगारी रजा, नोकरी शाबूत. दोन दिवसांनी चुकली म्हणे! मी म्हटलं, "पद रिकामं झालं असं लेखी द्या."

"प्रत्येक गोष्ट लेखी कशाला?"

"लेखी असेल तेवढंच मला टाइप करता येतं, सर."

५ मार्च

लेखी आलेलं नाही.

९ मार्च

बाबांना सगळं सांगितलं. बाबा छत्तीस वर्षं हेडक्लार्क होते, अजून स्वप्नात आवक-जावक नोंदवतात. ऐकून घेतलं, चष्मा पुसला. म्हणाले, "भांडू नकोस. टिपण लिही. भांडण विसरतात, टिपण फायलीत राहतं."

नवरा म्हणाला, "तुझी स्वतःची ऑर्डर मे अखेरीला संपतेय, लक्षात आहे ना?"

आहे. मी जूनमध्ये लागले होते म्हणून माझा खंड जूनच्या एक आणि दोनला. माझ्या खंडाचं पत्रही मीच टाइप करते आणि मीच मला देते. पोहोच म्हणून सहीसुद्धा करते. इतकं बावळट काम माणूस अकरा वर्षं न चुकता करू शकतो, याचं मला आज पहिल्यांदा नवल वाटलं.

१६ मार्च

आज बैठकीत संचालकांचा आवाज भरून आला. एकेचाळीस नंबरची मुलाखत त्यांनी वाचून दाखवली. हॉस्पिटलात सफाई करणारी कंत्राटी बाई. तिलाही असाच खंड देतात. ती म्हणते – "कागदावर मी दोन दिवस नसते. वॉर्डातली घाण मात्र असतेच. मग ती कोण पुसतं? मीच पुसते."

संचालक थांबले, पाणी प्यायले. "ही बाई सोनं बोललीय. अहवालाची प्रस्तावना हिच्यापासून सुरू होईल."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ढोंग असतं तर सोपं गेलं असतं. डोळ्यांत खरंच पाणी होतं. ही मुलाखत कोणी घेतली, त्या पायाचं काय झालं, हे त्यांच्या डोक्यात दुसऱ्या कप्प्यात आहे आणि त्या कप्प्याला खिडकी नाही.

१८ मार्च

टेपच्या जागेसाठी जाहिरातीचा मसुदा माझ्याकडे आला. "तातडीचे" असा शिक्का.

खाली टिपण लिहिलं – "पद रिक्त झाल्याचा लेखी आदेश प्राप्त झाल्यावर पुढील कार्यवाही करण्यात येईल." सही, तारीख, आणि फाईल परत.

दुपारी विद्यापीठाच्या कुलसचिवांच्या कार्यालयातून फोन. "तुमच्या केंद्राची आस्थापना फार कायदा शिकवायला लागलीय म्हणे." आस्थापना म्हणजे मीच. म्हटलं, तुमचीच नियमपुस्तिका आहे, पान बत्तीस. फोन आपटला. जेवण छान गेलं आज.

२६ मार्च

टेपला घरी सोडलंय. भेटायला गेले. दोन खोल्या, पलंग खिडकीला लावलेला, नणंद स्वयंपाकघरातून लक्ष ठेवून.

टेप म्हणाली, "जाऊ दे ना. या पायानं आता जिने कोण चढणार? आणि तो काही मुद्दाम करत नाही. त्याला पुढचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. पहिल्यापासून तसाच."

टेप संचालकांना पाठीमागे एकेरीच बोलते. जुनी सवय म्हणते. मला नेहमी मजा वाटते, आज राग आला. "जाऊ दे काय, ताई? एकवीस वर्षं!"

"तू का एवढी पेटलीस?"

मग सांगून टाकलं. तुझी खंडाची अकरा पत्रं माझ्या हातची आहेत. प्रत्येक वेळी मी वर "कृपया" लिहिलं आणि माझं काम झालं असं समजले. मला लाज वाटते. असं सरळ बोलले आणि रडले. नणंदेनं चहा आणून ठेवला आणि मला म्हणाली, "रडा, पण फाईल सोडू नका."

३ एप्रिल

लेखी आलेलं नाही. जाहिरात निघालेली नाही. सर माझ्याशी फक्त नमस्कारापुरते बोलतात. मी दुप्पट गोड नमस्कार करते.

२० एप्रिल

अहवाल छापून आला. देखणं काम. प्रकाशनाला टाळ्या, फुलं, भाषणं.

संचालकांची एक शिस्त आहे, नव्या पोरांना पहिल्याच दिवशी घोकायला लावतात – "तळटीप म्हणजे संशोधकाची अब्रू." कोणाचंही वाक्य छापलं की खाली मुलाखत क्रमांक, तारीख, मुलाखत घेणाऱ्याचं नाव. कोणासाठी सूट नाही. चुकलं तर पान परत.

घरी येऊन प्रस्तावना उघडली. पान सात. सोनं बोललेली बाई. खाली बारीक अक्षरात – मुलाखत क्र. ४१, २ मार्च. पुढे टेपचं पूर्ण नाव.

तीनदा वाचलं. बाबांना वाचायला दिलं. त्यांनी भिंग घेतलं, वाचलं, भिंग खाली ठेवलं आणि इतके हसले की खोकला लागला.

२२ एप्रिल

टिपण सादर केलं. "केंद्राने प्रकाशित केलेल्या अहवालाच्या पृष्ठ ७ नुसार सदर कर्मचारी २ मार्च रोजी केंद्राच्या कामावर होत्या. सबब अपघात सेवेत असताना झाला असे मानून सेवाखंड माफ करावा व रजा मंजूर करावी." सोबत पान सातची प्रत. एक प्रत कुलसचिवांना.

२३ एप्रिल

बोलावणं. सरांसमोर माझं टिपण. "ही छपाईतली चूक आहे."

"लेखी द्या, सर."

आणि दिलं! पन्नास दिवसांत पहिल्यांदा लेखी दिलं. "मुलाखतीचा दिनांक २३ फेब्रुवारी असा वाचावा. शुद्धिपत्र छापून सर्व प्रतींत डकवावे." वार तोच ठेवलाय, आठवडा मागे नेलाय. फेब्रुवारीत कंत्राट चालू होतं, त्यामुळे मुलाखत अस्सल राहते. आणि दोन मार्चला टेप नुसतीच कुठेतरी पडलेली बाई होते. हुशार माणूस आहे. तळटिपेची अब्रू घ्यायला एक ओळ पुरली.

जागेवर येऊन फायली काढल्या. कशासाठी ते ठाऊक नव्हतं, पण हात शोधत होते.

२४ एप्रिल

मिळालं. २३ फेब्रुवारीला टेप किरकोळ रजेवर होती! नणंदेच्या डोळ्याचं ऑपरेशन. रजेचा अर्ज माझ्या फायलीत, मंजुरीची सही संचालकांची, हिरव्या शाईत.

अर्जाची प्रत जोडून नवं टिपण. "शुद्धिपत्रातील दिनांकास सदर कर्मचारी मंजूर रजेवर होत्या. मार्गदर्शन व्हावे."

सरांनी कागद टेबलावर ठेवला. मग विचारलं, "मॅडम, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?"

"आस्थापनेच्या."

"तुमची ऑर्डर कधी संपते?"

"एकतीस मे, सर. मीच टाइप केलीय."

शुद्धिपत्रांचा गठ्ठा छापखान्यातून आला तो तसाच सुतळीत बांधलेला कपाटात आहे. डकवायला कोणाला वेळ नाही. मला तर मुळीच नाही.

१२ मे

कुलसचिवांसमोर सुनावणी. पाच मिनिटं. त्यांनी सगळे कागद वाचले होते, एवढं मान्य करते.

"बाई, तुमचं म्हणणं पटतं. पण विद्यापीठात आजवर कोणाचाही खंड माफ झालेला माझ्या ऐकण्यात नाही. उद्या शंभर जण रांग लावतील. एक पूर्वीचा दाखला आणा. एकच. मग बघू. पाच जूनच्या बैठकीत विषय घेतो. नाही मिळाला तर जागेची जाहिरात निघेल."

जुन्या फायली माझ्याकडे अकरा वर्षांच्याच. त्याआधीच्या आणि कायम झालेल्यांच्या मुख्य इमारतीत. अर्ज केला. "शोध चालू आहे" असं उत्तर आलं.

२५ मे

शोध चालू आहे.

३१ मे

माझी नवी ऑर्डर टाइप करून सहीला ठेवली होती, दर वर्षीसारखी. सही झाली नाही. "दोन दिवस जाऊ द्या, बघू," म्हणाले. चेहरा नेहमीसारखाच सौम्य.

किल्ल्या शिपाईकाकांकडे दिल्या. ते म्हणाले, "तीन तारखेला याल ना?" म्हटलं, येणार. ऑर्डर असो नसो, खुर्चीवर नाही तर जिन्यावर बसेन.

घरी आल्यावर नवऱ्यानं माझा डबा धुऊन ठेवला. त्याला भीती वाटतेय, मलाही वाटतेय. पण माघार घ्यावीशी वाटत नाही, हे इथे लिहून ठेवते म्हणजे उद्या नाकारता येणार नाही.

१ जून

आज मी कोणीच नाही. म्हणून ग्रंथालयात गेले. तिथे कोणालाही बसू देतात.

केंद्राचे सगळे अहवाल खालच्या मजल्यावर, धूळ खात. खंडाची रीत केंद्राच्या पहिल्या वर्षापासूनची. तारखाही त्याच, मार्चच्या एक आणि दोन. नवीन अहवालापासून सुरुवात केली आणि फक्त तळटिपा वाचत मागे गेले. १ मार्च. २ मार्च. पुन्हा २ मार्च. टेपच्या तर दरवर्षी, पण बाकीच्यांच्याही. सगळे नसलेल्या दिवशी काम करत होते आणि सगळं छापलेलं होतं. फक्त कोणी वाचलं नव्हतं. मीसुद्धा.

पण हे पुरावे झाले. दाखला नाही. यांपैकी कोणाचाच खंड माफ झालेला नाही. सगळ्यांत जुना अहवाल तेवढा राहिला, ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली.

२ जून

वीस वर्षांपूर्वीचा अहवाल. पान एकोणीस, तळटीप – मुलाखत क्र. ८, २ मार्च. मुलाखत घेणाऱ्याचं नाव आमच्या संचालकांचं.

जिन्यात उभी राहून टेपला फोन केला. तळटीप वाचून दाखवली. ती म्हणाली, "हो. आम्ही दोघं एकाच दिवशी लागलो. पहिल्याच खंडात मी नियमाप्रमाणे दोन दिवस घरी बसले, तो कामावर गेला. त्या तळटिपेवर त्याचा खंड माफ झाला, म्हणून तो पुढे कायम झाला. कागद मुख्य इमारतीत असेल. अर्ज माझ्या अक्षरात आहे, त्याचं अक्षर वाईट होतं. तेव्हापासून मी कधी खंडात घरी बसले नाही."

"मग ताई, तीन महिने गप्प का राहिलीस?"

"वाटलं, त्याला आठवेल."