वैशाखातली कानटोपी

आई, आज तुझ्यावर राग काढायला बसले आहे. तुला जाऊन चाळीस वर्षं होत आली, म्हणजे तू काही उलटून बोलणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. खरं सांगायचं तर म्हणूनच बसले आहे. परवा नात बाळंत होऊन घरी आली. एवढी शिकलेली मुलगी, पण बाळाला दुपट्यात घेऊन मला विचारते, "आजी, एसी लावलाय, याला स्वेटर घालू की नको?" मी म्हटलं, तुला गरम होतंय की गार ते सोड, त्याच्या मानेमागे हात घालून बघ. ओलं लागलं तर काढ, गार लागलं तर घाल. ती म्हणाली, "तुला गं कुणी शिकवलं हे?" तुझी आठवण झाली आणि अशी चीड आली की मी उठून गेले.

परळची आपली खोली, वरचा मजला, डोक्यावर तापलेले पत्रे. वैशाख. मी नऊ वर्षांची, शाळेला सुट्टी, त्यामुळे आठ महिन्यांचा भाऊ दिवसभर माझ्या कडेवर. बाबा गोदीत, तू गिरणीत. सूत तुटू नये म्हणून तुमच्या खात्याच्या खिडक्या कायम बंद, हवेत पाण्याचा फवारा, आणि आत तुम्ही बायका घामाने चिंब. पाळी सुटली की तू त्याच ओल्या लुगड्याने बाहेर पडायचीस आणि बाहेरचा साधा वारा तुला झोंबायचा. भर वैशाखात तू घरात शिरायचीस ती कुडकुडत. तुला थंडी वाजतेय म्हणजे पोरालाही वाजत असणार, संपलं तुझं हवामान! आत झबलं, त्यावर फ्लॅनेलची बंडी, त्यावर लाल लोकरीचा स्वेटर, पायांत मोजे आणि हनुवटीखाली बंद बांधलेली कानटोपी. त्याच्या मानेवर, काखेत घामोळं पिकलं होतं. तुमच्या खात्यातल्या बऱ्याच बायका असंच करायच्या, हे मला मोठेपणी कळलं. पण म्हणून मी तुला माफ करायचं? जे मला नवव्या वर्षी दिसत होतं, ते तुला दिसत नव्हतं?

एका संध्याकाळी मी ते सगळं काढून टाकलं. तू आलीस तेव्हा तो नुसत्या झबल्यात लादीवर पालथा पडून खिदळत होता. तू हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाहीस. "माजा आंग गार पडला, आनि तू पोराक उघडा टाकलंस? आवशीक शिकवतंस?" आईला शिकवते म्हणून खाडकन थोबाडीत. गॅलरीत चार बायका बघत उभ्या होत्या. माझा गाल अजून तो हात विसरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्याला पुन्हा सगळं चढवलंस. "काडलंस तर बघ," म्हणालीस आणि कामावर गेलीस. दुपारी त्याचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. मी किंचाळले. शेजारच्या काकू धावत आल्या. "आगं बया, पोर पार भाजून निघालंय की! काढ ते आधी!" त्यांनीच टोपीचा बंद तोडला, त्याला ओल्या फडक्याने पुसलं आणि खांद्यावर टाकून इस्पितळात पळाल्या. तो वाचला. कपड्यांत कोंडून ताप चढला, असं डॉक्टरांनी तुला समोर उभं करून सांगितलं. तू मान डोलावलीस. आणि घरी येऊन सगळ्या चाळीला काय सांगितलंस? आदल्या संध्याकाळी हिने उघडा ठेवला, त्याला वारं बाधलं.

बरं, तुला कळलं नव्हतं म्हणावं, तर तेही नाही. थोड्याच दिवसांत संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडला. गिरण्या बंद, बाबा मोर्चात, रस्त्यावरून घोषणा ऐकू येताहेत, आणि तू कधी नव्हे ती दिवसभर खोलीत. दुपारी पत्रे तापले. तू पदराने वारा घेतेस, तोंडावर पाणी मारतेस, पुन्हा वारा घेतेस. मग हळूच त्याचा स्वेटर काढतेस, बंडी काढतेस, टोपी काढतेस, आणि बाबांच्या जुन्या धोतराचं पातळ झबलं त्याच्या अंगात चढवतेस. मी दारातून बघतेय. तू वर बघतेस. आता म्हणशील, मला वाटतं. तू म्हणालीस, "जा, पानी भर."

एक वाक्य, आई. 'माझं चुकलं' एवढंच. ते तर नाहीच, उलट माझ्या लग्नात, माझ्या मुलीच्या बारशात तू तोच किस्सा रंगवून सांगितलास. "हिच्या हातात पोर देव नकात!" सगळे हसले. माझ्या मांडीवर माझीच मुलगी होती. तो भाऊ आता सत्तरीला टेकलाय, ठणठणीत आहे, पंखा फुल करून बसतो आणि चिडवतो, "ताई, तू तर मला लहानपणीच संपवणार होतीस." मी हसते. काय करणार?

हा कागद कुठे जायचा नाही, तेव्हा राहिलेलंही लिहून टाकते. त्या दुपारी, त्याचे डोळे फिरायच्या बऱ्याच आधी, मी त्याच्या मानेमागे हात घातला होता. चटका बसला. सगळं काढून तू यायच्या आत पुन्हा घातलं असतं, तर तुला कळलंही नसतं. मला ते सुचलं होतं. मी काढलं नाही. कुणाचं चुकतंय ते येऊ दे एकदा सगळ्यांसमोर, असं मनात होतं. टोपीचा बंद सैल झाला होता. तो मी घट्ट बांधला, आणि बाळ रडत असताना उंबऱ्यावर तुझी वाट बघत बसले.