लाइनमनला कळवल्याची वेळ

रास्पबेरी बे, मिशिगन
रविवार, ७ मार्च २००४

प्रिय आर्वो,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. नाताळचं कार्ड सोडलं तर मी एरवी तुला लिहीत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

तुझा गुडघा कसा आहे? टुसॉनच्या कोरड्या हवेत तो कमी दुखतो असं तू लिहिलं होतंस. इथं अजून कमरेइतकं बर्फ आहे, पण दुपारी छपरावरून पाणी ठिबकायला लागलंय. लीली मावशी वृद्धाश्रमात रुळली. तिथल्या बायांना पत्त्यांत हरवते आणि कॉफी पाणचट असते म्हणून रोज भांडते, म्हणजे बरी आहे. सॉनाच्या वाफेच्या न्हाणीचं धुराडं मी हिवाळ्याआधीच बदलून घेतलं. बाबांच्या हातचं जुनं काढताना वाईट वाटलं, पण ते पार सडलं होतं.

मध्येच उठून कॉफी करून आले. आज एका जागी बसवतच नाही.

ऑफिसात यंदा निराळाच कारभार आहे. आपल्या कंपनीचा सेवेचा अहवाल दर वर्षी राज्याच्या आयोगाला जातो ना, किती फोन बंद पडले, सरासरी किती तासांत सुरू झाले, ते कागदावरचं सगळं आता बंद. संगणकावरून भरायचं. नुसती सरासरी चालत नाही. दोन तासांहून जास्त बंद राहिलेली प्रत्येक लाइन वेगळी लिहायची आणि तिच्या चार वेळा द्यायच्या: तक्रार कधी आली, लाइनमनला कधी कळवलं, तो कधी पोचला, फोन कधी सुरू झाला. एकट्या २००३ चंच नव्हे, १९९९ पासूनच्या पाचही वर्षांचं असंच पुन्हा भरून द्यायचं. मुदत एकतीस मार्च. लुंडग्रेनसाहेबांनी सूचनांचं बाड माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाले, एकतीस वर्षं तूच करतेस हिल्मा, हेही तूच कर. मॅनेजर झाले तरी त्यांना अजून संगणक चालू कुठून करायचा ते विचारावं लागतं.

एक रकाना रिकामा राहिला तर पुढचं पान उघडत नाही. काही खटकलं तर रकाना लाल होतो. लॅन्सिंगला आयोगात मिसेस डिलार्ड म्हणून बाई आहेत, त्यांना मी दिवसातून तीनदा फोन करते. त्या कंटाळत नाहीत. मी २००३ पासून मागं मागं येत चाललेय. २००० पर्यंतचं झालं. एकच वर्ष राहिलंय.

एक विचारायचं होतं. तू गाडीत एक वही ठेवायचास, हिरव्या पुठ्ठ्याची, कामाच्या वेळा टिपायला. ती आहे का अजून? नसली तरी बिघडत नाही. वेळा ताडून बघायला बरी, एवढंच.

बाकी विशेष नाही. उन्हात टोपी घालत जा.

तुझी ताई,
हिल्मा


शुक्रवार, १९ मार्च २००४
ऑफिसातून, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय आर्वो,

वही पोचली. पाकीट दोनदा उलटं करून झटकलं. आत चिठ्ठी नव्हती. असेल अशी अपेक्षा मी का करावी?

१४ जानेवारी १९९९. तुझं ते पेन्सिलीचं बारीक अक्षर. ‘दुपारी ४:०५, हिल्माचा फोन, मार्जच्या हॉटेलात. ४:४० शोअर रोडला पोचलो. झाड तारेवर. ६:१० सगळे फोन सुरू.’ बस. लगेच खालच्या ओळीला दुसऱ्या दिवशीचं काम, शाळेतला फोन खरखरतो म्हणून. मी ते पान किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

इतकी वर्षं ही वही तुझ्याजवळ होती.

इथं काय अडलंय ते सांगते. माझ्याकडे ऑफिसचं तक्रारीचं कार्ड आहे त्या दिवसाचं, आणि त्यावरच्या वेळा अशा: तक्रार आली १:४०. लाइनमनला कळवलं १:५०. पोचला ४:४०. गेल्या आठवड्यात मी कार्डाप्रमाणे भरलं, तर रकाना लाल झाला आणि खाली एक चौकट उघडली. कळवणं आणि पोचणं यांत फार अंतर आहे, कारण निवडा. हवामान. रस्ता बंद. सामान नव्हतं. कर्मचाऱ्याची दिरंगाई. इतर. कागदावर असलं काही कुणी विचारत नव्हतं. कागदावर बेरीज जुळली की झालं.

हवा तर बाराच्या सुमारास निवळली होती. रस्ता उघडा होता. सामान तुझ्या गाडीतच होतं. मग उरतं काय? मी पडद्यावरचा बाण चौथ्या कारणावर नेला आणि बोट तसंच वर धरून बसले. मग पान बंद केलं. गेले आठ दिवस रोज सकाळी ते पान उघडते आणि रोज बंद करते. गावानं तुझ्यासाठी हेच कारण केव्हाच निवडलं होतं. ते लिहून खाली नाव घालायची पाळी मात्र कुणावर आली नव्हती.

माझं कशात लक्ष नाही. काल तळघरात फाइल आणायला गेले आणि कोणती ते विसरून वर आले. घरी गेले की चूल पेटवते, कोट काढते, पुन्हा चढवते आणि सरोवरापर्यंत चालून येते. बर्फ फुटायला लागलंय, कडेनं काळं पाणी दिसतं.

मंगळवारी पोस्टात सायमी रुओना भेटली. आयनो जाऊन ती विधवा झाली, तेव्हापासून तिच्याशी मी फक्त हवापाण्याचं बोलते. दर जानेवारीत त्याच्या स्मृतिदिनाला वेलदोड्याचा पाव भाजून तिला नेऊन देते. यंदाही दिला. तिनं विचारलं, आर्वोचं काही कळतं का गं? पाच वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, तिकडे ऊन फार असतं. आणि तिकिटं न घेताच बाहेर पडले.

सुट्टी संपली. कार्डावरच्या वेळांचा काहीतरी घोळ आहे, तो मी बघते.

हिल्मा


रविवार, ४ एप्रिल २००४

प्रिय आर्वो,

मागच्या पत्रात मी घोळ असा शब्द लिहिला. घोळ नव्हता.

त्या दिवशी पाऊण वाजता शोअर रोडवरच्या बारा घरांचे फोन बंद पडले. फ्रेड पेराला आपल्या मुलीकडे निघाला होता, तो वाटेत ऑफिसात येऊन तक्रार सांगून गेला. तेव्हा १:४० झाले होते, ती वेळ खरी आहे. मी कार्ड लिहिलं. माझ्यासमोर वर्षाचा अहवाल पसरलेला होता आणि साडेतीनच्या कुरिअरनं तो लॅन्सिंगला जायचा होता. मी म्हटलं, एवढं पान संपवते आणि आर्वोला फोन करते. कार्ड कागदांखाली गेलं. आम्ही किती तत्परतेनं फोन दुरुस्त करतो याच्या बेरजा मी करत होते, आणि बारा घरं माझ्या कोपराखाली होती. अहवाल कुरिअरला दिला, टेबल आवरलं, तेव्हा कार्ड हाताला लागलं. चार वाजून पाच मिनिटांनी मी तुला मार्जच्या हॉटेलात फोन केला. तू दोन वाजल्यापासून तिथं मांस-बटाट्याची पेस्टी खात, कॉफी पीत बसला होतास, कारण तुला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तुझी वही खरी आहे.

पाच वाजता घरी जाताना मी कार्डावर तोवरच्या वेळा भरल्या. पंधरा मिनिटांत लाइनमनला कळवायचं हा लुंडग्रेनचा नियम तुला ठाऊकच आहे, ते कार्डं तपासायचे. मी १:५० लिहिलं. तेव्हा मला माहीत नव्हतं, आर्वो. आयनो अडीच वाजता कोसळला, सायमीनं मुका फोन हातात धरला, मग पाऊण मैल बर्फातून ती गाडी मागायला पेरालाच्या घरी गेली आणि तिथं कुलूप होतं, हे सगळं मला संध्याकाळी चर्चमधल्या बायांकडून कळलं. कार्ड तोवर खणात गेलं होतं. सकाळी ते बदलता आलं असतं. सकाळी लुंडग्रेननी ते हातात घेऊन म्हटलं, बरं झालं, आपल्या ऑफिसचं काम चोख होतं.

मग तू आत आलास. टोपी हातात होती. तू ओरडला नाहीस. तू म्हणालास, “ताई, तू मला चारला सांगितलंस.”

आणि मी म्हणाले, “मला आठवत नाही.”

मला आठवत होतं. लुंडग्रेन तिथंच उभे होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि तुला सगळं कळलं, हेही मी पाहिलं. वही खाली गाडीत पडलेली होती. ती वर आणली असतीस तर सगळ्या गावासमोर मी खोटी ठरले असते. तू आणली नाहीस. हॉटेलात तुझ्या टेबलाशी कुणी बसेना, चर्चमध्ये लोक बाक बदलायला लागले, तरी आणली नाहीस. मार्चमध्ये राजीनामा दिलास. बसथांब्यावर तुझी बॅग मी उचलून दिली, आणि तिकडे हवा चांगली असेल, असं काहीतरी म्हणाले.

आता इथं काय झालं ते सांगते.

सोमवारी, एकोणतीस तारखेला, मी ते पान उघडलं आणि कळवल्याच्या वेळेत ४:०५ भरलं. रकाना पुन्हा लाल झाला, पण आता वेगळ्या जागी. तक्रार येणं आणि कळवणं यांत फार अंतर, कारण निवडा. त्या यादीत माझ्यासाठी काहीच नव्हतं. कार्यालयाची दिरंगाई असा प्रकार त्यांच्या ध्यानातच आला नसावा. मी ‘इतर’ घेतलं. चार ओळींची जागा होती. लिहिलं: तक्रार नोंदवणारी कारकून हिल्मा कांटोला हिनं कार्ड बाजूला ठेवलं. लाइनमनला दोन तास पंचवीस मिनिटं कळवलं नाही. कार्डावर नंतर खोटी वेळ लिहिली. लाइनमन आर्वो कांटोला यांची चूक नाही. शेवटच्या पानावर, वरील माहिती खरी आहे, असं जाहीर करून नाव टाइप करायचं असतं. केलं आणि पाठवून दिलं.

तासाभरात मिसेस डिलार्डचा फोन आला. एकदा स्वीकारलं की मागं घेता येणार नाही, हे असंच ठेवायचं का, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. मी म्हटलं, ठेवा. त्यांनी मला दाखल क्रमांक सांगितला आणि मी तो लिहून घेतला.

लुंडग्रेनना मी स्वतःच सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, पाच वर्षांपूर्वीचं कोण वाचतंय, बाईला उलट फोन कर, हवामान टाक आणि मोकळी हो.

“हवामान चांगलं होतं,” मी म्हटलं.

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. बारा तारखेला संचालकांची बैठक आहे, तोवर मी घरीच राहावं असं सांगितलं. नोकरी जाईल असं वाटतं. तुझ्या मानानं मी उशिरा जातेय.

त्याच दुपारी सायमीकडे गेले. तिनं मला दारातच उभं ठेवलं आणि मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ओट्यावर कॉफी उकळत होती, वास येत होता, आणि तिनं विचारलं नाही. या गावात दारी आलेल्या माणसाला कॉफी न विचारणं म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको.

शेवटी म्हणाली, “पाच वर्षं तुझा पाव खाल्ला मी, हिल्मा.”

वेळेवर फोन सुरू झाला असता तर आयनो वाचला असता का, हे तिनं विचारलं नाही, मीही काढलं नाही. ते कुणालाच माहीत नाही आणि आता कळायचंही नाही. मी वळले तेव्हा तिनं हाक मारली. वाटलं, शिव्या देईल. तिनं एका पाकिटाची पाठ आणि पेन्सिल पुढं केली आणि तुझा पत्ता मागितला. मी दाराच्या चौकटीवर पाकीट धरून लिहिला. घराचा नंबर नीट वाचता यावा म्हणून दोनदा गिरवला. ती तुला काय लिहिणार ते मला माहीत नाही. तिचं पत्र आलं असेल तर आधी ते वाच. तिचा हक्क पहिला आहे.

दाखल झालेल्या पानाची छापील प्रत सोबत ठेवलीय. तुझी वहीही परत पाठवतेय, ती तुझी आहे. या आठवड्यात मार्जच्या हॉटेलात, चर्चमध्ये, सगळीकडे हे बोललं जाईल. लोकांनी विचारलं तर मी हेच सांगेन, याच शब्दांत. नाही विचारलं तरी सांगेन. इतके दिवस घरात बसायची सवय नाही, सकाळपासून तीनदा दारापर्यंत जाऊन आलेय.

परत ये असं मी म्हणणार नाही, तो अधिकार मला उरलेला नाही. माफ कर असंही लिहीत नाही, ते मागितलं की तुला काहीतरी द्यावं लागेल. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं लिहून पत्र संपवणार होते. लिहिलंही होतं, पण तो कागद फाडून टाकला.

चालणार नाही, आर्वो.

हिल्मा