तांब्यावरचं ब्रॅमली

१८ ऑक्टोबर १९३६

आरसा घरी राहिला! टेकडीवर पोहोचल्यावर कळलं. उद्यापासून खोऱ्यातली झाडं पाडायला घेणार. कुऱ्हाडवाले कालच शाळेत उतरलेत. बोस्टनला पाणी कमी पडतं, म्हणून आमचं ब्रॅमली धरणाच्या तळ्याखाली जायचं आहे. आरसा आणायला मागे फिरावं तर ऊन ढळतं.

एरवी मी गावाकडे पाठ करून बसतो आणि आरशात बघून काढतो. तांब्याच्या पत्र्यावर उलटं काढलं तर कागदावर सुलटं उमटतं. आज म्हटलं, जाऊ दे. समोर दिसलं तसं मेण लावलेल्या पत्र्यावर सुईनं ओढत गेलो. चर्चचा मनोरा, गिरणी, केझायाकाकूंचं घर, प्रॅटचा डुकरांचा गोठा. हात असा कधी चालला नव्हता!

२५ ऑक्टोबर

आम्लानं रेघा खाऊन पत्रा तयार. पहिली प्रत काढली. ल्युएला बीन्सचं मडकं भट्टीतून काढत होती. बायको असून कौतुक करते, हे विशेष. "सुरेख आलंय," म्हणाली. "पण हे कुठलं गाव?"

६ डिसेंबर

बोस्टनच्या मुद्राचित्र मंडळानं माझं ब्रॅमली निवडलं! यंदा सगळ्या सभासदांना हेच चित्र भेट. म्हणजे ऑरिन पेटिंगिल चित्रकार आहे, हे आता ल्युएलाशिवाय आणखी लोकांना मानावं लागेल. उमेदवारीत दुधाच्या गाड्यांवर नावं रंगवली. मग कोठारांवर तंबाखूच्या जाहिराती. मग उन्हाळी पाहुण्यांसाठी गाईसकट डोंगर. नुसता डोंगर कुणी घेत नाही.

मंडळाची अट नेहमीचीच. प्रती पुऱ्या झाल्या की पत्र्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत खोल रेघ मारून तो रद्द करायचा. त्या रेघेसकट एक प्रत पुरावा म्हणून धाडायची. पुन्हा कुणी छापू नये म्हणून. मी शब्द दिला.

गाव उलटं आलंय, हेही प्रामाणिकपणे कळवलं.

१७ डिसेंबर

मंडळाचं उत्तर — हरकत नाही, झाडं छान आहेत.

ती झाडं आता नाहीत.

१३ फेब्रुवारी १९३७

शेतकरी सभागृहात गावाचं शेवटचं जेवण. चित्र भिंतीवर लावलं. प्रॅट ओरडला, "वा रे ऑरिन! माझी डुकरं एकदाची बड्या लोकांच्या आळीला आली!" हशा. कुणी म्हणालं, "म्हणजे आता दारुडे घरी बरोबर पोहोचतील." मीही हसलो. काय करतो?

केझायाकाकू डोन हसल्या नाहीत. ऐंशीला आल्या आहेत, गावातलं सगळ्यात जुनं माणूस. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "ऑरिन, मी काय मागितलं होतं तुझ्याकडे?"

"आठवतंय, काकू."

तळं भरल्यावर टेकडीवर उभं राहून त्यांना पाण्याकडे बोट दाखवता आलं पाहिजे — इथे माझी चूल होती. एवढंच मागणं.

"हे हातात धरून बोट दाखवलं, तर ते प्रॅटच्या डुकरांवर जातं," म्हणाल्या. "उरलेलं आयुष्य मी डुकरांकडे बघत काढू?"

भट्टीत भाजलेला ॲपल-पाय न खाता उठल्या. त्यांचाच ॲपल-पाय! स्वतः केलेला!

१५ फेब्रुवारी

नवीन काढावं म्हणून टेकडीवर गेलो. मनोरा उतरवलाय. गिरणी जाळली. काकूंच्या घराची नुसती चिमणी उभी. काढण्यासारखं गावच उरलेलं नाही.

२ मार्च

काकू कार्यशाळेत आल्या. लेकीकडे राहायला गेल्यात, तिथली चूल गॅसची, म्हणून चिडलेल्या. छापायंत्राशी शाई पुसलेला पत्रा पडला होता. रेघांत काळी शाई, बाकी तांबं. उचलला, खिडकीपाशी नेला.

"अरे, हे तर बरोबर आहे!"

पत्र्यावर बरोबरच असतं, म्हटलं. कागदावर उलटतं.

"मग मला हा दे."

अट सांगितली. शब्द दिलाय, मंडळ पुरावा मागतं. रिवाज पत्र्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोठी फुली मारण्याचा. फुलीची एक रेघ त्यांच्या स्वयंपाकघरावरून जाते, हे मी बोललो नाही. त्यांना दिसलं.

"पाणी यायच्या आधी तूच बुडव," म्हणाल्या.

४ मार्च

ल्युएला म्हणते, पत्र्याला हात लावू नकोस, एका प्रतीवरच शाईनं फुली मारून धाड, बोस्टनला कुठे कळतंय? कळणार नाही, खरं आहे. पण शब्द मी दिलाय, आणि कार्यशाळेच्या पाटीवर नाव माझंच आहे. पाट्या मीच रंगवत आलोय.

११ मार्च

शेवटची प्रत निघाली. काकूंना बोलावलं. म्हटलं, रेघ तर मारावीच लागेल, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पण कुठून, ते मंडळानं सांगितलेलं नाही.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग पत्र्याकडे.

"पाणी कुठवर येणार?"

"जंगल तोडलंय तिथवर. मनोऱ्यावरच्या वारा दाखवणाऱ्या कोंबड्याच्याही वर."

"सुई आण."

पोलादी सुई दिली, लोखंडी पट्टीही पुढे केली. पट्टी बाजूला सारली. "पाण्याला पट्टी लागत नाही, पोरा." या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत दोन्ही हातांनी रेटत नेली. दाबाला कमी नाही! सगळं गाव रेघेखाली, एकही घर न खरचटता.

पुराव्याची प्रत काढली. पत्र्यात शाई भरून काकूंना दिला. फडक्यात गुंडाळला, ॲपल-पायची रिकामी ताटली सोडली तर पहिल्यांदाच माझ्या घरातून काही घेऊन गेल्या.

३० मार्च

मंडळ म्हणतं, रद्द केलेली प्रत मूळ चित्राहून सरस आहे. ती कापणारी रेघ कशी साधली? तिच्यासकट नवीन प्रती मिळतील का?

कळवलं — पत्रा रद्द झालेला आहे.

९ जून १९४०

तळं भरलं. लेकीच्या मोटारीतून काकू टेकडीवर आल्या. एका हातानं पत्रा धरला, दुसऱ्या हातानं पाण्यावर नेमकं बोट नेलं. "इथे." बराच वेळ हात तसाच.

मग पत्रा मला परत दिला. "आता पाठ झालं. मागची बाजू कोरी आहे ना? फुकट घालवू नकोस. तिच्यावर हे तळं काढ. आणि आरसा आण या खेपेला."