माझं बिघडलेलं पोट ओमाहाला जातं

गुरुवार, १३ मार्च

आजपासून ठरलं. जमणार नसेल तर सरळ नाही म्हणायचं. सत्तावन्न वय झालं, आता भिडस्तपणा बास.

अडचण एवढीच, की हे ठरायच्या आधी मी दोन ठिकाणी हो म्हणून बसलोय. दोन्ही येत्या शनिवारचीच. कोनीला, म्हणजे बायकोला, लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाची ओमाहा शहराला ट्रिप. (वाढदिवस जानेवारीत होता. विसरलो. तो विषय नको.) आणि शेजारच्या व्हर्लिनना, चर्चच्या तळघरातल्या पॅनकेक ब्रेकफास्टला तव्याशी उभा राहीन म्हणून.

व्हर्लिन एकोणऐंशीचे. बावीस वर्षं हा ब्रेकफास्ट ते आणि त्यांची बायको आर्डिस, दोघं मिळून करायचे. ती पीठ ओतायची, ते पलटायचे. ऑक्टोबरात आर्डिस गेली. फेब्रुवारीत व्हर्लिन आमच्या ड्राइव्हवेवर आले, पाऊण तास हवेबद्दल बोलले आणि जाता जाता म्हणाले, डेनी, तू नुसतं पीठ ओत, पलटायचं मी बघतो. आता अशा माणसाला नाही कसं म्हणणार?

उद्या फोन करून खरं सांगून टाकतो.

शुक्रवार, १४ मार्च

संध्या. ५.१०. फोन केला. खरं सांगणारच होतो. पण मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, की आर्डिसचा एप्रन धुऊन इस्त्री करून ठेवलाय, दोऱ्या लांब आहेत, तुला होईल.

मग माझ्या तोंडून पोटाचा फ्लू निघाला.

व्हर्लिन म्हणाले, अरेरे, पडून राहा गुपचूप, थोडं थोडं पाणी पीत राहा, इथलं मी बघतो.

शांतपणे विचार केला तर हे बरंच झालं. फ्लूवाल्याला तव्यापाशी कोणी उभं करत नाही. त्यांना वाईट वाटायचा प्रश्नच येत नाही. कोनी म्हणाली, खरं सांगितलं असतंस तर म्हाताऱ्याने तुझी बॅग स्वतः उचलून गाडीत ठेवली असती. तिला यातलं काही कळत नाही.

उद्याची योजना: पहाटे साडेपाच. अंधार. घरातला एकही दिवा लावायचा नाही.

शनिवार, १५ मार्च

५.४०. निघालो. कोनीचा गुडघा अंधारात टेबलावर आपटला. बाकी सगळं चोख.

५.४५. एक बारीकशी गोष्ट घडली. चौकाच्या अलीकडे, दिव्याच्या खांबाखाली, समोरून एक पिकअप आली आणि माझं बोट वर गेलं. आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, ही रीतच आहे. बोट आपोआप जातं, डोक्याला विचारत नाही. समोरूनही बोट वर आलं.

पिकअप व्हर्लिनची होती. चर्चमध्ये तवा लावून, काही विसरलेलं न्यायला घरी परतत असणार.

६.०५. हायवे. नीट विचार केला. त्या उजेडात बोट दिसेल, माणूस थोडाच दिसणार? आणि बोट काय, कोणाचंही असतं. कोनी म्हणाली, हो ना, आणि गाडीही कोणाचीही असेल, आणि शेजारी बसलेली बायकोही. सकाळी सकाळी खोचक बोलते.

११.००. ओमाहा. प्राणिसंग्रहालय. गोरिल्ला माझ्याकडे पाठ करून बसला. आत्ता तळघरात रांग लागली असती. म्हणजे लागलीच असेल.

संध्या. ७.००. स्टेक. अर्धा ताटातच राहिला. पोटात नुसती कालवाकालव. मग लक्षात आलं, की हा फ्लूच असणार! म्हणजे काल मी खोटं बोललोच नाही, फक्त थोडं आधी बोललो. एकदम हलकं वाटलं. पाच मिनिटं.

कोनी म्हणाली, तीस वर्षांनी नवऱ्याबरोबर मेणबत्तीच्या उजेडात जेवतेय, आणि नवरा मनाने व्हर्लिनबरोबर आहे. आता तिच्याबद्दलही वाईट वाटतंय. एका पोटात किती मावायचं?

रविवार, १६ मार्च

हॉटेलचा फुकट ब्रेकफास्ट. तिथे आपलं आपण वॉफल करायचं मशीन. एका आजींना ते उलटवता येईना म्हणून मदत केली. मागे मुलींची अख्खी व्हॉलीबॉल टीम उभी. नाही कसं म्हणणार? सव्वा तास पीठ ओतत होतो. कोनी दोन कप कॉफी पिऊन झाल्यावर आली आणि म्हणाली, हे तर गावातही करता आलं असतं.

दु. २.३०. घरी. पायरीवर झाकलेली तीन भांडी. बटाटा-खिमा, चिकन-नूडल्स आणि पुन्हा बटाटा-खिमा. तळाला चिकटपट्टीवर नावं. एकावर चिठ्ठी: झोपमोड नको म्हणून बेल वाजवली नाही. वाचलो! कोणाला पत्ता नाही. कोनीने तिन्ही भांडी उचलून फ्रीजमध्ये लावली.

४.००. पास्टरबाईंचा फोन. आज प्रार्थनेत माझ्या पोटाचं नाव घेतलं, सगळ्या चर्चने. काल ब्रेकफास्टला कोणीतरी म्हणालं, डेनीच्या घरी सामसूम दिसते. तेव्हा व्हर्लिननीच सांगितलं, की मी स्वतः डोकावून आलोय, पोरगा गाढ झोपलाय, चेहरा पार पांढरा पडलाय.

म्हणजे त्यांनी मला रस्त्यात ओळखलंच नाही! आणि झोपलेलं कोणाला बघितलं? उशीला बघितलं असणार. चष्मा बदलायला झालाय त्यांचा.

एवढंच खटकतं, की व्हर्लिन म्हणजे गळाला लागलेला मासा किती मोठा होता हेसुद्धा खरं सांगणारा माणूस.

सोमवार, १७ मार्च

दुसरं बटाटा-खिम्याचं भांडं व्हर्लिनचंच निघालं. भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून कोनीने त्यात लिंबाच्या वड्या भरल्या आणि म्हणाली, जा, आणि बोल.

गेलो. बोलणारच होतो. त्यांनी आधी विचारलं, पोट कसंय? बरंय म्हणालो. छान म्हणाले. पीठ कोणी ओतलं, विचारलं. म्हणाले, मीच, पलटलंही मीच, थोडे करपले, लोक चांगले, खाल्ले गपचूप. एप्रन खुर्चीवर तसाच होता, घडी न मोडलेला.

मग दारात उभं राहून अर्धा तास निरोप. मी ड्राइव्हवेपर्यंत पोहोचलो, तर मागून हाक. म्हणाले, डेनी, तुझ्या गाडीचा डावा ब्रेकलाइट गेलाय. शनिवारी चौकात थांबलास तेव्हा आरशात दिसला. मग गॅरेजमधून बल्ब आणून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, रात्रीअपरात्री कोनीला घेऊन जातोस, दोन्ही दिवे लागलेले बरे.

मी थँक यू म्हणालो. आणखी काय म्हणालो आठवत नाही. त्या माणसाने माझ्यासाठी चर्चमध्ये उभं राहून खोटं सांगितलं.

मंगळवार, १८ मार्च

बल्ब बसवला. पण ब्रेक दाबायला एक माणूस लागतो आणि मागून बघायला दुसरा. कोनी कामावर. हे काम एकट्याने होत नाही.

व्हर्लिन न बोलावताच आले आणि मागे उभे राहिले. मी आत बसून ब्रेक दाबला. आरशात त्यांची टोपी तेवढी दिसत होती. तोंडासमोर नसताना जमेल असं वाटलं. मोठ्याने, स्पष्ट म्हणालो: व्हर्लिन, माझं पोट बिघडलंच नव्हतं, मला माफ करा.

ते पुढे आले आणि काचेवर टकटक केली. काच वर होती. उतरवली. म्हणाले, लागतोय दिवा. काही म्हणत होतास का?

म्हणालो, पुढच्या वर्षी पीठ मी ओतीन.

म्हणाले, बघू, तेव्हा पोट बरं असलं तर.